वाटेत बंद पडल्यास

बेरेंड वेसलिंगने आयुष्यात फारसं कोणाचं ऐकलं नव्हतं. वडिलांचं नाही, साहेबांचं नाही, दातांच्या डॉक्टरांचं तर मुळीच नाही. यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र त्याने एका माणसाचं मुकाट्याने, एकही प्रश्न न विचारता ऐकलं. तो माणूस तो स्वतःच होता, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

होगेवेन या डच गावातल्या इतर घरांप्रमाणे वेसलिंगांच्या घरीही वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या दाराला आतून टांगलेलं असे. माणूस तिथे रोज जातो, बसतो आणि त्याच्या हाताला दुसरं काम नसतं. त्यामुळे कोणाचा वाढदिवस विसरलो म्हणायची सोय राहत नाही. या कॅलेंडरवर वार नसतात आणि सालही नसतं, नुसते महिने आणि तारखा. एकदा विकत घेतलं की जन्मभर पुरतं. तर नऊ एप्रिलच्या सकाळी बेरेंड तिथे बसलेला असताना, मेहुणीच्या वाढदिवसाच्या दोन ओळी वर, त्याला स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'गाडीच्या मदतीचा विमा रद्द करणे. विसरू नये.' 'विसरू नये'च्या खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

बेरेंडला नगरपालिकेच्या झाडे विभागातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्याला कोणी काम म्हणून काही सांगितलेलं नव्हतं, आणि इथे तर दोन रेघा मारून सांगितलेलं होतं. तो उठला, हात धुतले, संगणकापाशी बसला आणि विमा रद्द करून टाकला. संगणकाने तीन वेळा विचारलं, नक्की ना? बेरेंडने तिन्ही वेळा नक्की म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी तर थोडं रागावूनच.

साडेदहाच्या कॉफीला त्याच्या डोक्यात उजेड पडला. ती ओळ त्याने सात वर्षांपूर्वी लिहिली होती. तेव्हा जुनी कंपनी सोडून या नव्या कंपनीकडे जायचं होतं. जुनीचा विमा सात वर्षांपूर्वीच रद्द झाला होता. आज झाला तो चांगला. परदेशात गाडी किंवा तिच्यामागे ओढायची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, बंद पडली तर ओढून नेणारा, दुरुस्त करणारा, नाही जमलं तर घरी पोचवणारा, आणि सात वर्षांपूर्वीच्या दरात चालू असलेला.

त्याने लगेच फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती आणि ती त्याच्याशी फारच प्रेमाने बोलत होती, म्हणजे काहीच होण्यासारखं नव्हतं. तुम्ही आमचे ग्राहक होतात, असं तिने सांगितलं. बेरेंड म्हणाला की सकाळी नऊपर्यंत होतो. ती म्हणाली, हो, आणि नऊ वाजून दहा मिनिटांपासून नाही आहात. आता परत यायचं तर नवा ग्राहक म्हणून यावं लागेल, आणि नव्या ग्राहकाची कॅरव्हॅन वीस वर्षांहून जुनी चालत नाही. बेरेंडची चोवीस वर्षांची होती.

"पण काल ती तुमच्याकडेच होती," बेरेंड म्हणाला, "आणि कालसुद्धा ती चोवीस वर्षांचीच होती."

"काल ती जुन्या ग्राहकाची होती, वेसलिंग साहेब," मुलगी म्हणाली.

या उत्तरात कुठेतरी खोट आहे असं बेरेंडला वाटत राहिलं, पण ती बोट ठेवून दाखवता येईना.

दुसरा कोणी असता तर त्याने तिथल्या तिथे बायकोला हाक मारून सांगितलं असतं आणि दोघांनी मिळून नवी कंपनी शोधली असती. बेरेंडने सांगितलं नाही. त्याचं कारण फेब्रुवारीत होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी बाजारात सफरचंदं घेताना बेरेंडचा डावा हात अचानक त्याचा राहिला नाही. पिशवी सुटली, सफरचंदं घरंगळली, आणि दुकानदार 'दुसरी पिशवी देऊ का' म्हणून विचारत असताना त्याला 'द्या' हा शब्द सापडेना. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. हात आला, शब्द आले, बायकोने, यांतीनने, सफरचंदंही गोळा केली. डॉक्टरांनी दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं की मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं. रोज गोळी घ्या, दोन आठवडे गाडी चालवू नका, मग चालवा. बेरेंडने त्यातलं 'मग चालवा' तेवढं सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून घरात त्या विषयावर कोणी काही बोललेलं नव्हतं. यांतीन रोज त्याच्या बशीशेजारी गोळी ठेवायची, तो ती घ्यायचा, आणि मग दोघं वाऱ्यापावसाबद्दल बोलायचे. सहा जूनला निघायचं होतं, दरवर्षीप्रमाणे फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीच्या काठी, पाच आठवडे. अकराशे किलोमीटरचा रस्ता, मागे सव्वा टनाची कॅरव्हॅन आणि शेजारी यांतीन. पॅरिसच्या बाहेरच्या गर्दीत, दोन्ही बाजूंना ट्रक असताना हात पुन्हा गेला तर, हा प्रश्न बेरेंडला दाढी करताना पडायचा, आणि तो गालावर फेस तसाच ठेवून उभा राहायचा. गाडी बंद पडली तर कोण येईल याची त्याला खरं तर फिकीर नव्हती. त्याला असा विमा हवा होता की माणूस बंद पडला तर कोणी येईल. पण हे बायकोसमोर कसं म्हणायचं?

दोन दिवसांनी मेहुणीचा, म्हणजे हिलीचा वाढदिवस होता. दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून खुर्च्यांचा गोल केलेला. बेरेंडने रीतीप्रमाणे सगळ्यांशी हात मिळवले. हिलीच्या नवऱ्याचं बायकोबद्दल अभिनंदन केलं, हिलीच्या आत्याचं भाचीबद्दल, हिलीच्या शेजारणीचं शेजारणीबद्दल. त्याचं स्वतःचंही मेहुणीबद्दल सतरा जणांनी केलं. मग मिळेल त्या खुर्चीत बसायचं, आणि एकदा बसलं की जागा बदलायची नाही. कॉफी येते, केकचा एक तुकडा येतो, आणि पुढचे तीन तास शेजारी जो असेल तो असतो. बेरेंडच्या शेजारी हिलीचा नवरा योखेम होता.

योखेमने विचारलं, "काय रे, तुझी म्हातारी पोचणार का यंदा फ्रान्सला?" म्हातारी म्हणजे कॅरव्हॅन. समोरून यांतीन सहज म्हणाली की न पोचायला काय झालं, आमचा विमा चांगला आहे. बेरेंड केक चावत राहिला. तो तुकडा त्याने चावता येईल तितका चावला, पण केकच तो, किती चावणार? शेवटी म्हणाला, "विमा बदलावा म्हणतोय. तुलना करतोय सध्या."

एवढं बोलल्यावर त्या गोलाला दुसरा विषय लागला नाही. डावीकडून सुरुवात झाली आणि सल्ला खुर्ची-खुर्चीने पुढे सरकत गेला. हिलीच्या आत्याचे यजमान स्पेनमध्ये बंद पडले होते आणि चार दिवस एका गॅरेजवाल्याच्या घरी राहिले होते, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले होते. त्यांच्या मते विमा लागतच नाही, माणसं लागतात. एका चुलतभावाची कॅरव्हॅन कंपनीने घरी पोचवली, पण त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि तिच्यात दुसऱ्याच कोणाच्या खुर्च्या निघाल्या. त्या खुर्च्या चांगल्या आहेत, असं त्याची बायको म्हणाली. शेजारणीचं म्हणणं पडलं की मुळात इतक्या लांब जायचंच कशाला, आपल्याकडे पण नद्या आहेत. आणि योखेमने सगळ्यांचं ऐकून घेऊन सांगितलं की बारीक अक्षरं वाच, बारीक अक्षरांतच सगळं असतं. योखेम स्वतः आयुष्यात कधी देशाबाहेर गेला नव्हता.

यांतीन एवढंच म्हणाली, "अच्छा, तुलना करतोयस." भरल्या गोलात भांडता येत नाही, म्हणून तिने केक खाल्ला. पण त्रेचाळीस वर्षांच्या संसारात बेरेंडला ते 'अच्छा' चांगलं ओळखू येत होतं. सायकलवरून घरी येताना कालव्याच्या पुलावर त्याने कॅलेंडरचा सगळा प्रकार सांगून टाकला. यांतीन इतकी हसली की तिला सायकलवरून उतरावं लागलं. "तूच लिहिलंस, तूच वाचलंस आणि तूच फसलास," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या कोणाला नावं ठेवायची सोय नाही बघ." बेरेंडही हसला. छोटी चूक कबूल करणं इतकं सोपं असतं, तर मोठी भीतीही आत्ताच सांगून टाकावी, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात पूल संपला.

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. चोवीस वर्षांची कॅरव्हॅन घेणाऱ्या तीनच कंपन्या सापडल्या. पहिली कंपनी गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेणार आणि तिथे हात जोडणार. दुसरी कंपनी गाडी, कॅरव्हॅन आणि माणसं, तिन्ही एकदमच घरी आणणार, त्यामुळे दुसऱ्याच्या खुर्च्यांचा प्रश्न नव्हता. तिसरी सगळ्यात महाग, आणि यांतीनला तिच्यात जास्तीचं काहीच दिसेना. बेरेंडला मात्र तीच हवी होती. यांतीनने विचारलं, का? तर म्हणे, तिच्यात पर्यायी चालक आहे. म्हणजे गाडी चालवणारा आजारी पडला तर कंपनी आपला माणूस पाठवते आणि तो सगळ्यांना घरी आणून सोडतो.

"आणि तो कशाला हवा?" यांतीनने विचारलं.

"असावा," बेरेंड म्हणाला.

यांतीनने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात तेव्हा टेबलावर शहाण्यासारखा पडलेला होता. मग ती म्हणाली की उद्या वारा सुटेल बहुतेक.

तिसऱ्या कंपनीची अट होती की वीस वर्षांवरच्या कॅरव्हॅनचं वजन करून पावती जोडावी. कॅरव्हॅन हिवाळाभर लुबर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या कोठारात असते. तिथून ती ओढून बटाटा सहकारी संघाच्या वजनकाट्यावर नेली. पुढे-मागे ट्रॅक्टर उभे आणि मध्ये पडदे लावलेली, पांढरीशुभ्र कॅरव्हॅन, असा देखावा होता. काट्यावर तेराशे चौतीस किलो आले. परवानगी साडेबाराशेची. चौऱ्याऐंशी किलो कुठून तरी जास्तीचे घुसले होते.

बेरेंड तिथेच म्हणाला की या तुझ्या सफरचंदांच्या मुरंब्याच्या बाटल्या. जगभरातून लोक फ्रान्सला जेवायला जातात. होगेवेनची माणसं फ्रान्सला स्वतःचं जेवण घेऊन जातात, आणि यांतीन त्याची तयारी एप्रिलपासूनच कॅरव्हॅनमध्ये रचून ठेवते. मुरंब्याच्या बाटल्या, शेंगदाण्याचं लोणी, कॉफीची पाकिटं, पावावर भुरभुरायचा चॉकलेटचा चुरा. यांतीन म्हणाली, चालेल, उतरवू या. लुबर्टच्या अंगणात दोन ढीग झाले, एक तिचा, एक त्याचा, आणि लुबर्टने कोणी सांगितलेलं नसताना पोती मोजायचा काटा बाहेर आणला. तिचं सामान तेहतीस किलो भरलं. बेरेंडचं एकशे एक.

बेरेंडच्या ढिगात दोन जॅक होते, दोन जास्तीची चाकं, साखळदंड, ओढायचे तीन दोर, दिव्यांची पेटी, आणि अकरा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या गाडीच्या इंजिनातल्या पंख्याचे चार पट्टे. लुबर्ट बराच वेळ त्या ढिगाभोवती फिरला. मग म्हणाला, "बेरेंड, एवढं असताना विमा कसला घेतोस? तूच काढ कंपनी." बेरेंडने हसून घेतलं, पण ते त्याला लागलं. लागायचं कारण असं की यातलं त्याला काहीही बसवता येत नव्हतं. पट्टा कुठे बसतो हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. दरवर्षी निघताना जी धास्ती वाटायची तिच्यावर उपाय म्हणून तो एक-एक वस्तू विकत घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी धास्ती नवी असायची. नाही म्हटलं तरी ही अडतीस वर्षांची भीती होती, आणि आज ती शेतकऱ्याच्या अंगणात किलोवर मोजली गेली होती.

"येत नाही तर बाळगतोस कशाला?" यांतीनने हळूच विचारलं.

"असावं," बेरेंड म्हणाला. हे उत्तर आता त्यालाही पुरेनासं झालं होतं.

वजनाची नवी पावती मिळाली आणि बेरेंड तिसऱ्या कंपनीचा अर्ज भरायला बसला. अर्ज आठ पानी. एकतिसावा प्रश्न पर्यायी चालकाचा होता, आणि त्याच्याखाली योखेम म्हणाला होता ती बारीक अक्षरं होती. कंपनी चालक पाठवते, पण प्रवासात सोबत गाडी चालवू शकणारं दुसरं कोणी असेल तर पाठवत नाही. समोर दोन चौकटी : असं कोणी आहे, असं कोणीही नाही.

स्वयंपाकघरात यांतीन गाण्याच्या मंडळाची ओळ गुणगुणत बटाटे सोलत होती. त्या मंडळाला ती दर मंगळवारी गाडी घेऊन जायची. बेरेंडने 'असं कोणीही नाही' या चौकटीत खूण केली. आपण खोटं लिहितो आहोत असं त्याला वाटलं नाही. कॅरव्हॅन मागे असताना यांतीन गाडी चालवत नाही हे सगळ्या जगाला माहीत होतं. जग म्हणजे तो.

गुरुवारी तो कुंपण कापत होता. शेजारचा वीबे पलीकडून कुठली फांदी राहिली ते दाखवत होता. वीबेला स्वतःचं कुंपण नाही, जाळी आहे, त्यामुळे त्याला दुसऱ्याच्या कुंपणाकडे लक्ष द्यायला वेळ मिळतो. साडेदहा झाले म्हणून बेरेंड आत आला, तर यांतीन फोनवर बोलत होती. "हो, मीच त्यांची बायको," ती म्हणत होती. "चालवता येते ना. एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून... नाही, तसं कधी झालं नाही... काय लिहिलंय म्हणालात? परत वाचून दाखवता का?" मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "गडबडीत राहिलं असेल. मी विचारून कळवते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा टेबलावर आणून ठेवला. त्या घरात डबा उघडतो, प्रत्येकी एक बिस्किट निघतं आणि झाकण परत बसतं. आज झाकण उघडलंच नाही. बेरेंडला डब्याकडे बघूनच कळलं.

"'असं कोणीही नाही,'" यांतीन म्हणाली. "हे तू लिहिलंस?"

"त्याशिवाय ते माणूस पाठवत नाहीत."

"रक्त तपासायला तुला दोनदा दवाखान्यात कोणी नेलं, बेरेंड?"

"कॅरव्हॅन लावलेली असताना, असं म्हणायचं होतं मला."

"तसं लिहिलेलं नाही तिथे. कोणीही नाही, असं लिहिलंय."

"पण तुला नाहीच आवडत ना कॅरव्हॅन घेऊन चालवायला?"

"कोण म्हणालं?"

बेरेंडने आठवायला सुरुवात केली. कोणीतरी म्हटलेलं असणार याची त्याला खात्री होती. मागे-मागे जात तो अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत पोचला. दोर्दोन्यचाच काठ, संध्याकाळची वेळ. नवी कॅरव्हॅन आत आली की आधी आलेली मंडळी घडीच्या खुर्च्या वळवून बघत बसतात, ती तशी बसलेली. यांतीन कॅरव्हॅन मागे घेत होती आणि पाण्याच्या नळाला तिचा कोपरा लागला. नळ वाकला, पाणी उडालं, दोन-तीन जण हसले. बेरेंडने चाळीस माणसांदेखत दार उघडलं आणि म्हणाला, हो बाजूला, दे इकडे. ती उतरली. पुढच्या वर्षी निघताना तो चालकाच्या जागेवर बसला आणि ती शेजारी बसली, आणि त्यावर पुन्हा कधी बोलणंच झालं नाही. तिला आवडत नाही असं कोणीच म्हणालेलं नव्हतं. त्याने ते आपलं आपणच ठरवलं होतं, आणि सदतीस वर्षं ते खरं धरून चालला होता.

"कोणी नाही," तो म्हणाला.

यांतीन कॉफी ढवळत राहिली. तिच्या कॉफीत साखर नसते. बेरेंडने डावा हात टेबलाखाली घेतला आणि मग, का कोण जाणे, परत वर ठेवला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून. चालवता चालवता हात गेला तर तुला घेऊन कुठेतरी आदळेन. म्हणून तो माणूस हवा होता."

"मलाही वाटते," यांतीन म्हणाली. "तू जिना उतरतोस ना, तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात पायऱ्या मोजते. तेरा झाल्या की भांड्याला हात लावते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांना 'मग चालवा' तेवढंच सांगत होतास. मला वाटलं, तुला तेवढंच ऐकायचंय." तिने चमचा खाली ठेवला. "चालक हवा तर हवा. पण परक्यांकडून मागवायच्या आधी घरात विचारायचं असतं."

बेरेंडला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, खूप दिवसांनी, हलकंही वाटलं. यांतीनने डबा उघडला. एक बिस्किट त्याला दिलं, एक घेतलं, आणि झाकण न लावता थोडा विचार करून आणखी एक-एक काढलं.

त्यानंतर निवड दहा मिनिटांत झाली. पर्यायी चालक घरातच मिळाल्यामुळे तिसऱ्या कंपनीची गरज उरली नाही. गाडी, कॅरव्हॅन आणि माणसं एकदमच घरी आणणारी दुसरी कंपनी ठरली. फोन यांतीननेच केला. मुख्य चालक म्हणून स्वतःचं नाव दिलं आणि बेरेंडचं खाली. पलीकडच्या माणसाने विचारलं, आजपर्यंत काही अपघात? यांतीन म्हणाली, एक, फ्रान्समध्ये, पाण्याचा नळ. कधी? अठ्ठ्याऐंशी साली. तो म्हणाला, बाई, इतकं जुनं आम्ही मोजत नाही.

"आमच्याकडे मोजतात," यांतीन म्हणाली.

मे महिन्यात बर्फावर घसरायच्या मैदानाचा वाहनतळ ओस पडलेला असतो. तिथे रविवारी सकाळी सराव सुरू झाला. बेरेंडने मागे उभं राहायचं, हात खिशात ठेवायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी त्याने खिशाचं अस्तर फाडलं. कॅरव्हॅन मागे घेताना चाक उलट बाजूला फिरवावं लागतं हे सांगायला त्याची जीभ नुसती वळवळत होती, आणि यांतीनला तर ते माहीतच होतं; हात तेवढे विसरले होते. दुसऱ्या रविवारी वीबे सायकल घेऊन बघायला आला आणि त्याने सल्ला द्यायला तोंड उघडलं. बेरेंडने त्याला इतक्या जोरात गप्प केलं की वीबे सायकलच्या आडच उभा राहिला. तिसऱ्या रविवारी यांतीनने दोन खांबांच्या मध्ये, एका दमात, कॅरव्हॅन सरळ नेऊन उभी केली. वीबे म्हणाला, "बेरेंड, तुला नाही रे कधी एका दमात जमलं." हे खरं होतं. बेरेंडला ते थोडं झोंबलं, पण खिशातले हात बाहेर काढून त्याने टाळ्या वाजवल्या.

सहा जूनला ते निघाले. लुबर्टच्या अंगणात बेरेंडचे नव्वद किलो मागे राहिले होते आणि मुरंबा सगळाच्या सगळा आत होता. यांतीन चालकाच्या जागेवर बसली, आरसे नीट केले, खुर्ची पुढे ओढली. बेरेंड शेजारी बसला. फेब्रुवारीतही तो या जागेवर बसला होता, पण तेव्हा दवाखान्यापर्यंत डोळे मिटूनच बसला होता. आता डोळे उघडे ठेवून बसायचं होतं, आणि हातात काही नसताना ते फार अवघड जातं असं त्याच्या लक्षात आलं.

अँटवर्पच्या अलीकडे एक ट्रक अचानक लेन बदलून पुढ्यात आला. यांतीनने वेग कमी केला, शांतपणे, वेळेवर. पण त्याच क्षणी बेरेंडचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि जोरात खाली दाबला गेला. ट्रक निघून गेला तरी पाय तिथेच होता. त्याने खाली वाकून पाहिलं. पायाखालच्या, गाडीइतक्याच अकरा वर्षं जुन्या रबराच्या चटईला त्या एकाच जागी खड्डा पडलेला होता. रबर झिजून आरपार गेलं होतं आणि खालचा पत्रा दिसत होता. बाकीची चटई नवी असावी तशी होती. या जागेवर यांतीनशिवाय दुसरं कोणी बसत नसे.

इतकी वर्षं ती खिडकीतून बाहेर बघत बसते, तिला देखावे आवडतात, असं तो लोकांना सांगत आला होता. त्याने पाय उचलला, पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"काय रे, काय शोधतोयस खाली?" यांतीनने विचारलं.

"ब्रेक," बेरेंड म्हणाला.

"तो लागत नाही," यांतीन आरशात बघत म्हणाली. "मी अकरा वर्षं दाबून पाहिलाय."